पोटाचा कारभार आणि आपली भाकरी

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण साऱ्या महाराष्ट्रात चालते. पंढरपुरात ती रोज डोळ्यांना दिसते. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे या गावात उतरतात आणि प्रत्येकाच्या पोटाची सोय गावाला करावी लागते. असे असूनही पोटात गेलेल्या घासाचे पुढे काय होते, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण ‘पचतो’ एवढेच सांगून गप्प बसतात. पगार खात्यावर जमा झाला एवढे खातेदाराला कळते. त्यामागे किती टेबलांवर किती नोंदी झाल्या हे त्याला कळत नाही. पोटाचेही तसेच आहे.

आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत आकडे मांडणारे साधे कारकून आहोत. तरीही स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला, त्याला दोन कारणे आहेत. पोट बिघडले की गोळी, गॅस झाला की सोडा, अशक्तपणा आला की टॉनिकची बाटली, हा खर्च आपल्या घरांना परवडणारा नाही आणि पुष्कळदा तो गरजेचाही नसतो. दुसरे असे की, ‘भाकरी म्हणजे गरिबाचे खाणे’ असा एक समज आपल्या शिकलेल्या मुलामुलींत रुजत चालला आहे. तो समज शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. तो का टिकत नाही, हे पचनाची क्रिया समजून घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून आधी पचन, मग भाकरी.

पहिले काम तोंडाचे

पचन पोटात सुरू होते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते तोंडातच सुरू होते. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन बराच वेळ चावत राहावे; थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. लाळेत एक पाचक द्रव्य असते. ते भाकरीतील पिष्टाचे बारीक साखरेत रूपांतर करू लागते, म्हणून ही गोडी. दिवसभरात आपल्या तोंडात सुमारे १ ते दीड लिटर लाळ तयार होते. पण लाळेला आपले काम करायला वेळ मिळाला पाहिजे. घास न चावता, वर पाण्याचा घोट घेऊन ढकलून दिला, तर तोंडाचे काम जठराच्या गळ्यात पडते. जठराला दात नाहीत, हे आपण विसरतो.

यासाठी दात व हिरड्या शाबूत हव्यात. आपल्या भागात बायकांना मिश्री लावण्याची आणि तरुणांना मावा-गुटखा चघळण्याची सवय आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सवय मात्र गेलेली नाही. तंबाखूने हिरड्या खराब होतात, तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोका राहतो. ज्याचे तोंड उघडत नाही, त्याला पौष्टिक आहार सांगून काय उपयोग?

चावलेला घास अन्ननलिकेतून काही सेकंदांतच जठरात पोहोचतो. ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिचे स्नायू मागून आवळत, पुढून सैल होत घासाला खाली सरकवतात. हीच लाट पुढे सर्व आतड्यांत चालू राहते.

जठरातील आम्ल

जठर ही एक स्नायूंची पिशवी आहे. तिच्यात साधारण एक ते दीड लिटर अन्न मावते. येथे अन्नावर तीव्र आम्ल आणि प्रथिने फोडणारा रस पडतो. अन्नासोबत आलेले पुष्कळ जंतू या आम्लाने मरतात. हे आम्ल स्वतः जठराला जाळत नाही, कारण आतून चिकट द्रवाचा जाड थर असतो आणि जठराचे अस्तर काही दिवसांत पुन्हा नवे होत राहते.

जठराचे काम माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेले छिद्र जठरापर्यंत उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि कोणता पदार्थ किती वेळात विरघळतो याची नोंद ठेवली. १८३३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांच्या हेही ध्यानात आले की, माणूस रागावलेला असला की जठराचे काम बिघडते. ‘जेवताना भांडू नये’ हे आपल्या आज्या सांगत आल्या, ते उगाच नव्हे.

जेवण जठरात साधारण दोन ते चार तास राहते. भात-भाकरी लवकर पुढे जाते, तेलकट-तळकट पदार्थ जास्त वेळ थांबतात. रात्री उशिरा भजी-वडे खाऊन लगेच आडवे झाले की आम्ल वर अन्ननलिकेत येते. छातीतील जळजळ आणि करपट ढेकर यांचे एक मोठे कारण हे आहे.

जठराला जखम होते ती तिखटामुळे किंवा काळजीमुळे, असे डॉक्टरही पूर्वी मानीत. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जंतू शोधून काढला व पुढे तोच बहुतेक जखमांच्या मुळाशी असल्याचे दाखवले. त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जखमेचे दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या मनाने, वारंवार आणि उपाशीपोटी घेणे. तेव्हा जळजळ रोजचीच झाली, तर सोड्यावर सोडा न पिता तपासणी करून घ्यावी. जंतू असेल तर औषधाने तो जातो.

खरा व्यवहार लहान आतड्यात

जठरातून पातळ झालेले अन्न थोडे थोडे लहान आतड्यात उतरते. हे आतडे नावाने लहान, पण लांबीने सुमारे सहा मीटर असते. येथे तीन बाजूंनी मदत येते. यकृताने तयार केलेले पित्त तेला-तुपाचे बारीक कण करते. तेलकट भांड्यावर साबण जे करतो तेच. स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींना फोडतो. आतड्याचा स्वतःचा रस उरलेले काम पुरे करतो. शेवटी अन्न इतके सूक्ष्म होते की ते रक्तात शिरू शकते.

ते शिरते कोठून? लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर लक्षावधी बारीक अंकुर असतात. या घड्या आणि अंकुर उलगडून पसरले, तर सुमारे ३० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे तीन-चार खोल्यांच्या घराएवढी. एवढी जागा लागते, कारण शरीरात जे काही जमा व्हायचे ते प्रामुख्याने येथेच जमा होते.

येथेच अन्नाच्या जोड्यांचे महत्त्व कळते. ज्वारीच्या प्रथिनांत एक आवश्यक घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी, तो ज्वारीत मिळतो. म्हणून भाकरी-आमटी किंवा भाकरी-पिठले ही जोडी एकट्या भाकरीपेक्षा अंगी लागते. पालेभाजीतील लोह सहज शोषले जात नाही. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत पेरू, आवळा खाल्ला तर ते जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या भगिनींनी जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. याला पैसा पडत नाही.

चोथा वाया जात नाही

शोषण झाल्यावर उरलेला भाग सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात जातो. येथे पाणी शोषले जाते आणि मळ घट्ट होतो. पूर्वी चोथा म्हणजे टाकाऊ भाग मानला जाई. आता समजले आहे की मोठ्या आतड्यात असंख्य उपयोगी जंतू राहतात आणि धान्याच्या कोंड्यातील, भाजी-फळांतील व डाळींच्या सालींतील चोथा हे त्यांचे अन्न आहे. ते तो आंबवून काही आम्ले तयार करतात आणि त्यांवर मोठ्या आतड्याचे अस्तर पोसले जाते. चोथ्यामुळे मळ मऊ राहतो, कुंथावे लागत नाही आणि मूळव्याधीचा त्रास टळण्यास मदत होते. मात्र चोथा खायचा तर पाणी पुरेसे प्यायला हवे. नाहीतर तोच चोथा पोटात अडून बसतो.

भाकरीला न्याय

आता भाकरीकडे वळू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच मैद्यात तो ३ ग्रॅमपेक्षाही कमी असतो. पाव, खारी, बिस्किट, नूडल्स हे सगळे मैद्याचे कुटुंब. ज्याला आपली मुले ‘चांगले खाणे’ म्हणतात, त्यात आतड्यासाठी फारसे काही नाही, आणि ज्या भाकरीला ती नाक मुरडतात तिच्यात ते आहे.

ही ज्वारी आपल्या दारची आहे. पंढरपूरशेजारचे मंगळवेढे ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते आणि तेथील ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. रब्बीची प्रसिद्ध मालदांडी ३५-१ ही जात याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा मोठ्या शहरांतील हॉटेलांत हीच भाकरी कौतुकाने वाढली गेली. आपल्या आयांना त्यासाठी कोणी शाबासकी दिली नव्हती.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘पूर्वीचे लोक भाकरी-ठेचा खाऊन ठणठणीत होते’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ही भाकरी कित्येकदा गावकीच्या कामाच्या बदल्यात, शिळ्या तुकड्यांच्या रूपाने येई. कण्या पाण्यात शिजवून सगळ्या घराने प्यायच्या, हेही जेवणच होते. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांनी परदेशातून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेल्या आहेत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात अशा ताटाची नोंद करून ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर वाचावी. ज्या ताटात डाळ नाही, भाजी नाही, दूध-अंडे नाही, ते ताट अपुरेच. भाकरीचा दर्जा कमी नव्हता. भाकरी कमी मिळत होती आणि तिच्या जोडीला काही नव्हते, ही खरी तक्रार होती. आज आपल्या पिढीच्या हाती दोन पैसे आले आहेत. त्या पैशांत भाकरी टाकून पाव आणायचा, की भाकरीच्या जोडीला डाळ, भाजी आणि अंडे आणायचे, हा प्रश्न आहे.

हिशेब चुकतो तेव्हा

पचनाचा एक ताळेबंद आम्हा बँकेतील माणसांना फार बोलका वाटतो. आपण दिवसात प्यालेले-खाल्लेले पाणी सुमारे २ लिटर. त्यात लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस मिळून आतड्यात रोज एकूण ८ ते ९ लिटर द्रव उतरतो. त्यातील जवळजवळ सगळा परत शोषला जातो; मळावाटे जातो तो फक्त १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजे रोज लिटरवारी उचल आणि लिटरवारी परतफेड. जुलाब सुरू झाले की ही परतफेड थांबते. पटकीत तर शरीरातील पाणी काही तासांत आटू शकते. लहान मूल दगावते ते बहुधा या पाण्याच्या आणि क्षारांच्या तुटीने.

पंढरपूरला हे नवे नाही. पूर्वी वारीबरोबर पटकीची साथ येई आणि वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे. आता नळाचे पाणी, शौचालये आणि आरोग्य पथके आहेत, तरी गर्दीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. अशा वेळी पुष्कळ घरांत मुलाचे पाणी तोडतात. ‘पाणी प्यायले की पुन्हा होते’ अशी समजूत असते. ही समजूत जीवघेणी आहे.

का, ते आतड्याच्या रचनेतच आहे. लहान आतड्यात मीठ आणि साखर एकमेकांचा हात धरून एकाच दारातून आत जातात व त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. पटकीसारख्या आजारातही हे दार उघडे राहते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ तेवढे काम करीत नाही. दोघांची जोडी लागते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत तयार करून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ मध्ये ते वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. इतका मोठा शोध, आणि सामान प्रत्येक स्वयंपाकघरातले.

आरोग्य केंद्रात मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी सर्वांत चांगली. ती नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात लहान चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त पडू देऊ नये, ते घातक आहे. चव डोळ्यांतील पाण्यापेक्षा खारट नसावी. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, घोट घोट द्यावे. चोवीस तासांनी उरलेले पाणी टाकून नवे करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे मऊ जेवण चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्याही १० ते १४ दिवस द्याव्यात.

मात्रा आणि उपवास

काय खावे याइतकेच किती खावे हेही महत्त्वाचे. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची एक कथा आहे. तो द्रोणभर भात खाई. असाच एकदा जेवून धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश एका गाथेत केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपण जेवत असताना म्हणण्यासाठी रोज शंभर कहापण देण्याचे ठरवले. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला आणि शरीर हलके झाले. या कथेत राजाला कोणी उपाशी ठेवलेले नाही. त्याचे लक्ष फक्त ताटाकडे वळवले आहे. आजचे शास्त्र सांगते की पोट भरल्याची सूचना मेंदूला पोहोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. जो पाच मिनिटांत जेवतो, तो ती सूचना येण्यापूर्वीच जास्तीचे खाऊन बसतो.

उपवास करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण आपल्या गावात एकादशीला हॉटेलांत उपवासाचेच पदार्थ मिळतात आणि उपवास नसणारेही ते आवडीने खातात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण त्यातूनच आली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने व चोथा नावापुरताच. तो तेला-तुपात परतून वर साखरेचा चहा घेतला की पोट जड होणारच. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, ताक आणि फळे बरी.

रोजच्या ताटासाठी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असा अंदाज दिला आहे. आपल्या ताटात धान्य याहून जास्त आणि बाकीचे पुष्कळ कमी असते. ते भरून काढायला महाग वस्तू लागत नाहीत. मेथी, चाकवत, शेपू, शेवगा, मोड आलेली मटकी, शेंगदाणा चटणी, पेरू, बोरे, ताक, अंडे हे सर्व आठवड्याच्या बाजारात मिळते. दूध सोसत नसेल त्याला दही-ताक बहुधा सोसते.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच: सकाळी नुसत्या चहा-खारीवर कॉलेज गाठू नये, मूठभर भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणे-गूळ सोबत ठेवावेत. सर्वांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि नदीचे पाणी तसेच पिऊ नये. गिळायला त्रास, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, डोळे पिवळे होणे, कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत न बसता उपजिल्हा रुग्णालय गाठावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर क्षणाचाही उशीर करू नये.

पचनाला मागणी फार थोडी आहे: चावायला वेळ, पुरेसा चोथा, डाळ-भाजीची जोड, स्वच्छ पाणी आणि बेताची मात्रा. यांतील एकही गोष्ट बाटलीत विकत मिळत नाही. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाने मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण पाठ करावे आणि शेजारच्या दोन घरांना शिकवावे, अशी आमची विनंती आहे. येत्या पावसाळ्यात त्याने एक जरी मूल वाचले, तरी या पानांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.